मधुमेही माणसाचे पायताण

आमच्या गल्लीत एक शेतकरी गृहस्थ राहतात. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. वय सत्तरीच्या घरात. कृष्णेकाठी दीड-दोन एकर ऊस आहे. पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळी रोज घेतात. चहात साखर नाही. गूळ मात्र अधूनमधून चोरून खातात, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. आबा सकाळी कराडच्या बाजाराला गेले. दुकाने फिरले, बँकेत जाऊन आले, प्रीतिसंगमावर घटकाभर सावलीला बसले आणि दिवस कलल्यावर पायीच घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी पायताण काढले, तर फरशीवर रक्ताचा ठसा उमटला. नात ओरडली, "आबा, तुमच्या पायाला काय झालं?"

"कुठं काय?"

पायताण हातात घेऊन पाहिले. तळ सुटत होता म्हणून आबांनी आठवड्यापूर्वी त्याला एक बारीक खिळा मारून घेतला होता. त्या खिळ्याचे टोक आतल्या बाजूने वर आले होते. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, त्याने भोक पाडले होते. त्या टोकावर आबा दिवसभर चालत होते आणि त्यांना कळले नव्हते.

"दुखलं नाही, म्हणजे फार लागलं नसंल," आबा म्हणाले. हळद भरली, फडके बांधले, आणि दुसऱ्या दिवशी उसाची दारं धरायला रानात गेले. मीसुद्धा त्यांना पाहून आलो आणि 'होईल बरं' असे सांगून आलो. आयुष्यभर मुलांना शरीराचे धडे शिकवले, पण ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. तीन आठवड्यांनी पाय सुजला. वास येऊ लागला. दवाखान्यात नेले तेव्हा पू हाडापर्यंत गेला होता. आबांचा अंगठा काढावा लागला.

आपल्याला वाटते, दुखणे वाईट. पण दुखणे हा पायाचा राखणदार आहे. काटा बोचला की दुखते, म्हणून आपण थांबतो. खडा टोचला की पायताण झटकतो. राखणदारच झोपला तर चोर सावकाश घर धुऊन नेतो.

आता हा राखणदार झोपतो कसा ते पाहू.

आपल्या पायात मज्जातंतू असतात. विजेच्या तारेतून वीज जाते, तसा या तंतूंतून निरोप मेंदूकडे जातो. ऊन, गार, टोचले, दाबले, असे ते निरोप. पायाचे तंतू शरीरात सर्वांत लांब. कंबरेपासून थेट बोटांच्या टोकापर्यंत. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की हे तंतू खराब होऊ लागतात, आणि सर्वांत लांब तंतूचे टोक आधी निकामी होते. म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर चढतो. कुणाला आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. कुणाला काहीच होत नाही. पाय गुपचूप बधिर होतो, आणि माणूस म्हणतो, माझे पाय अगदी ठीक आहेत!

एवढ्यावर भागत नाही. पायातल्या बारीक स्नायूंना चालवणारे तंतूही अशक्त होतात. मग बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी आकसतात. बोटे वर उचलली गेली की चवड्याची हाडे खाली येतात आणि चालताना सगळा भार त्यांच्यावर पडतो. घाम आणणारे तंतू बिघडले की कातडी कोरडी पडते. टाचेला भेगा जातात, आणि त्या भेगांतून रोगजंतू आत शिरतात. शिवाय रक्ताच्या नळ्या अरुंद होतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अधिकच. रक्त कमी पोचले की जखम भरत नाही. बधिर पाय, वाकडी बोटे, कोरडी कातडी, कमी रक्त. एवढी संकटे एकाच पायावर येतात आणि माणसाला त्यातले एकही जाणवत नाही.

असे पाय थोड्या लोकांचे आहेत असे समजू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज तीत आहे. त्या सगळ्यांचेच पाय बिघडतात असे नाही. पण ज्यांचे पाय कापावे लागतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात एखाद्या लहानशा जखमेने झालेली असते. आणि ती लहानशी जखम पुष्कळदा पायताणानेच केलेली असते. आबांची केली होती तशीच.

खिळा तर दिसला तरी. न दिसणारे कारण त्याहून मोठे आहे. ते म्हणजे दाब.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. बैलाच्या खांद्यावर जू असते. जू काही चाकू नव्हे, त्याने एका दिवसात कातडी कापत नाही. पण रोज त्याच जागी घासून, त्याच जागी दाबून खांदा सुजतो, गरम लागतो, आणि तरीही औत धरले तर फुटतो. शहाणा शेतकरी खांदा चाचपून पाहतो आणि सुजला असेल तर बैलाला चार दिवस बांधून ठेवतो. बेंदराला आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो ते काय उगीच? माणसाच्या चवड्याचेही असेच आहे. एक-एक पाऊल काही करीत नाही. पण दिवसाला हजारो पावले, सगळी त्याच हाडाखाली. धड पायाचा माणूस थकला की नकळत पाय वाकडा टाकतो, थोडा लंगडतो, भार दुसरीकडे नेतो. बधिर पायाचा माणूस तसे करीत नाही, कारण त्याला सांगणारेच कुणी नाही. मग त्या जागी घट्टा धरतो. घट्टा कडक होतो आणि आतल्या मांसाला खड्यासारखा रुततो. वरून कातडी शाबूत दिसते, पण आत रक्त साकळते. एके दिवशी घट्टा फुटतो आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना जखम झाली.

आता दाब कमी कसा करायचा? वजन तर तेवढेच राहणार. पण घागर डोक्यावर घेताना बायका काय करतात? चुंबळ ठेवतात. घागर तीच, पाणी तेवढेच. पण चुंबळीमुळे भार एका जागी न पडता सगळीकडे पसरतो. मधुमेही माणसाचे पायताण म्हणजे पायाखालची चुंबळ. एवढे ध्यानात राहिले तर बाकीचे आपोआप समजेल.

ही चुंबळ प्रथम मधुमेह्यांसाठी निघालेली नाही, ती निघाली कुष्ठरोग्यांसाठी. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

डॉ. पॉल ब्रँड नावाचे एक शस्त्रवैद्य होते. इंग्रज आईबापांच्या पोटी ते १९१४ साली तामिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरात जन्मले. विलायतेत डॉक्टर झाले आणि १९४६ साली वेलूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. त्या काळी सगळे समजत की कुष्ठरोगात बोटे झडतात, मांस आपोआप सडते. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले. रोगी पेटत्या चुलीतून हाताने वस्तू काढीत होते. पायात खिळा घुसलेला असताना चालत होते. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडीत, तरी त्यांना जाग येत नसे. म्हणून तिथल्या रोग्यांना मांजरे पाळायला दिली! ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. रोगाने बधिरपणा येतो, आणि बधिर अवयवाला रोज इजा होऊन तो झिजतो. इजा थांबवली तर पाय वाचतो.

मग वेलूरला आणि जवळच्या कारीगिरीच्या कुष्ठरोग संस्थेत पायताणाचे प्रयोग झाले. कठीण लाकूड पाहिले, चामडे पाहिले, नाना तऱ्हेचे रबर पाहिले. शेवटी बारीक छिद्रांचे मऊ रबर सोयीचे ठरले. पावाला जशी जाळी असते, तशी या रबरात डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक हवेची घरे असतात. म्हणून ते दाबले की दबते, सोडले की पुन्हा वर येते. याला एम.सी.आर. रबर म्हणतात. स्पंजाइतके लिबलिबीत नाही, टायरइतके कडक नाही. खाली कडक तळ, त्यावर हे मऊ रबर, वर रुंद पट्टे, आणि खिळा एकही नाही. असे ते पायताण.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत कारव्हिल गावच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेह्यांचे पाय पाहून त्यांनी ओळखले की ही तीच दुखण्याविना होणारी जखम. रोग वेगळा, पाय तसाच. तेव्हापासून कुष्ठरोग्यांसाठी इथे निघालेली विद्या मधुमेह्यांच्या कामी येऊ लागली. ब्रँड २००३ साली वारले.

आपल्या सरकारच्या कुष्ठरोग कार्यक्रमातूनही बधिर पायाच्या रोग्यांना एम.सी.आर. चपला देत आले आहेत. पण त्यात एक अडचण झाली. ती चप्पल एका विशिष्ट घाटाची असे. पायात पाहिली की लोक ओळखीत, हा अमुक रोगाचा माणूस. मग रोगी ती घरात लपवून ठेवी आणि अनवाणी हिंडे. पुढे कारागिरांनी तिचे रूप पालटले आणि ती बाजारातल्या सँडलसारखी केली. आबांनासुद्धा कुणीतरी म्हणाले होते, "ही महारोग्याची चप्पल कशाला आणली?" आबा आठ दिवस ती घालेनात. मला यात लोकांचा राग येतो. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, आणि चप्पल तर कुठल्याच रोगाची नसते. ज्याचा पाय वाचवते त्याची ती असते.

आता आपल्या पायताणाविषयी बोलू. कोल्हापुरी म्हणून जगभर गाजलेले पायताण एकट्या कोल्हापुरात होत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे, असा त्याचा मुलूख. २०१९ साली या दोन्ही राज्यांना मिळून त्याचे भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या भागातल्या कारागिरांची ही कला थोर आहे. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, अस्सल कामात खिळ्याला थारा नाही. चालले तर वर्षानुवर्षे जाते.

पण खरे सांगायचे तर बधिर पायाला ते सोसत नाही. तळ कडक, त्यात चुंबळ नाही. अंगठ्याचा पट्टा अंगठ्याला घासतो. मागे पट्टा नाही, म्हणून पायताण निसटू नये यासाठी बोटांनी धरून चालावे लागते. आणि नवे पायताण चावते हे कुणाला माहीत नाही? आपण तेल लावतो, दोन दिवस चावते, फोड येतो, मग ते पायाला बसते. धड पायाच्या माणसाला ठीक आहे. बधिर पायाला चावलेले कळत नाही, आणि तो फोड येऊन फुटून चिघळला तरी माणूस म्हणतो, यंदाचे पायताण पहिल्याच दिवशी छान बसले!

रबरी हवाई चपलेचेही तसेच. तिची पट्टी अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात रुतते. तळ इतका पातळ की बाभळीचा काटा सहज आरपार जातो. तोडणी झालेल्या उसाच्या रानात खोडक्यांची टोके भाल्यासारखी उभी असतात, तिथे तर ती असून नसल्यासारखी. बधिर पायातून चप्पल निसटून पडली तरी माणूस तसाच पुढे चालत जातो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्लॅस्टिकचे बंद बूटही नकोत. पाय आत शिजतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात.

मग हवे कसे?

पुढचा भाग रुंद आणि उंच हवा, म्हणजे वाकडी बोटे वरून घासणार नाहीत. सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक बोटभर जागा हवी. अंगठ्याला अडकणारे काही नको. पायावरून रुंद पट्टा हवा, आणि टाचेमागेही पट्टा हवा, म्हणजे पाय आत घसरणार नाही. पट्टे कमी-जास्त करता आले पाहिजेत, कारण पायाची सूज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असते. आत मऊ रबराचा थर हवा आणि तळ इतका मजबूत हवा की काटा, काच आत येणार नाही. टाच उंच नको. जोड शिवलेले किंवा चिकटवलेले हवेत. आत शिवणीचा उंचवटा नको. हात घालून चाचपावे, लागला तर ते पायताण परत करावे. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

ज्याच्या पायाला बधिरपणा आहे पण आकार नीट आहे, त्याला असे तयार पायताण पुरते. ज्याची बोटे वाकली आहेत, हाडे पुढे आली आहेत, बोट काढलेले आहे किंवा एकदा जखम होऊन भरली आहे, त्याला मापाचे करून घ्यावे लागते. त्यासाठी पायाचा साचा घेतात, दाब कुठे पडतो ते पाहतात आणि त्या जागी आतला थर खोलगट करतात. काहींना होडीसारखा पुढून वर वळलेला कडक तळ देतात. मग पाऊल टाकताना चवडा वाकत नाही, पाय त्या वळणावरून पुढे लोळतो आणि चवड्याखालचा दाब उतरतो. मात्र म्हाताऱ्या माणसाचा अशा तळावर तोल जाऊ शकतो. म्हणून हे आपल्या मनाने करू नये, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करावे.

माप घेण्याची एक सोपी रीत आहे. संध्याकाळच्या वेळी, पाय थोडे भरलेले असताना, जाड कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे. दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ ओढावी. तो आकार कापून पायताणाच्या आत ठेवावा. कागद कडेला दुमडला तर पायताण अरुंद आहे. दोन्ही पायांचे कागद वेगवेगळे काढा, कारण दोन पाय सारखे नसतात. बधिर पायाच्या माणसाने 'घट्ट बसतंय, छान वाटतंय' यावर विश्वास ठेवू नये. त्याला सैल पायताण सैल लागते आणि आवळ पायताण बरोबर लागते, म्हणून तो नेहमी एक माप कमीच घेतो.

ही पायताणे आणि साचे यांची चौकशी कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात किंवा मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयात करावी. मुंबईला हाजीअलीजवळ केंद्र सरकारची १९५५ सालापासूनची संस्था आहे, तिथे अपंगांसाठी अवयव आणि आधाराची साधने बनतात. गावातला कसबी कारागीरही डॉक्टरांची चिठ्ठी आणि मऊ रबर आणून दिले तर चांगली चप्पल करतो. आबांची दुसरी जोडी तशीच झाली. कारागीर म्हणाला, "गुरुजी, खिळा मारू नको एवढं सांगितलंत ते बरं केलंत. आम्ही मजबुतीसाठी मारतो. आमाला काय ठाव, मजबुती कुणाच्या पायात जाते ती!"

आता सर्वांत अवघड गोष्ट. पायताण विकत घेणे सोपे आहे, ते पायात ठेवणे अवघड. आपल्याकडे पायताण उंबऱ्याबाहेर काढतात. ही रीत चांगली आहे, घर स्वच्छ राहते. पण मधुमेही माणूस दिवसातला बहुतेक वेळ घरातच चालतो. चुलीपाशी, न्हाणीत, परड्यात, गोठ्यात. नेदरलँड्स देशात १७१ मधुमेह्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना पूर्वी एकदा पायाला जखम झालेली होती. काहींचे पायताण दाब मोजून सुधारून दिले, काहींचे नेहमीच्या पद्धतीने केले. जे लोक नेमाने पायताण घालत होते त्यांत, सुधारलेल्या पायताणाच्या शंभरांतल्या २६ जणांना दीड वर्षात पुन्हा जखम झाली आणि साध्या पद्धतीच्या पायताणाच्या ४८ जणांना. पण नेम नसणारे लोकही धरून सगळ्यांचा हिशोब केला, तेव्हा हा फरक जवळजवळ उरला नाही. आणि नेम कुठे मोडत होता? घरात. त्या थंड मुलखात, जिथे लोक घरातही पायात काही ना काही घालतात, तिथे ही गत. मग आपली काय सांगावी?

यावर उपाय एकच. दोन जोड्या करा. एक बाहेरची, एक घरातली. घरातली कधी अंगणात न्यायची नाही, रोज पुसायची. सासूबाई किंवा घरातले वडीलधारे कुरकुरतील. त्यांना सांगा, हे पायताण नव्हे, हे औषध आहे. चष्मा जसा देवघरात चालतो तसे हे चालले पाहिजे. आमच्या घरी हा वाद झाला असता तर मी काय केले असते, देव जाणे. आबांच्या घरी मात्र आजींनीच निकाल दिला: "पाय असला तर देवापुढं उभं राहता येतं."

देवळाचे तसेच. वैशाखात देवळाच्या फरशीवर, घाटाच्या दगडावर धड माणसाचे पाय पोळतात. बधिर पायाला फोड येतात आणि कळतच नाही. जायचे तर पहाटे जा, जाड सुती पायमोजे घालून जा. पंढरीची वारी पायी करा, पण अनवाणी करू नका. आणि अनवाणी चालण्याचा नवस बोलला असाल तर दुसरे काही बोला.

आता आपला पाय बधिर आहे की नाही, हे घरच्या घरी कसे पाहायचे? इंग्लंडात इप्सविच गावच्या डॉक्टरांनी एक सोपी रीत शोधली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. माणसाने डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या यांच्या टोकांना बोटाने अलगद स्पर्श करावा. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. पीस टेकावे तसे एक-दोन सेकंद बोट टेकवायचे. ज्याला स्पर्श झाला त्याने डावा की उजवा ते सांगायचे. सहांपैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही, तर तो पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. माझी खात्री आहे, हे पान वाचणाऱ्या तुम्हांपैकी अनेकांना आजच संध्याकाळी घरच्या म्हाताऱ्या माणसांची ही परीक्षा घेता येईल. नातवंडांना ते फार आवडते. आबांना सहांपैकी एकही कळला नव्हता. हे खिळ्याच्या आधी कुणी केले असते तर!

डॉक्टर हेच अधिक नेमकेपणाने पाहतात. नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा केस असतो, तो टेकवून वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा भार पडतो. तो तळव्याला कळला नाही तर तिथे रक्षण गेले असे धरतात. घोट्याजवळची नाडीही चाचपतात. वर्षातून एकदा तरी हे करून घ्यावे, साखर तपासतो तसे.

घरी रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करून, दिव्याच्या उजेडात पाहावेत. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना पाहू द्या. लालसर जागा, फोड, भेग, पाणी, वास. यातले काही दिसले तर 'दुखत नाही' हा निकष धरू नका. पाण्याचा ऊनपणा पायाने नव्हे, कोपराने पाहा. भेगांना तेल किंवा मलम लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. कुरूप, घट्टे ब्लेडने कापू नका. बिब्बा घालू नका, रुईचा चीक लावू नका, विटेने शेकू नका. बिब्ब्याने धड कातडीही जळते, मग बधिर पायाची काय कथा. रात्री दारं धरायला जायचे तर पायमोज्यांवर मापाचे गमबूट घाला आणि परत आल्यावर ते झटकून पाय पाहा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हे पायताण जखम होऊ नये म्हणून आहे, झालेली जखम बरी करायला नाही. उघडी जखम असेल तर चालणेच बंद करावे लागते किंवा डॉक्टर गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून पायाचा भार उतरवतात. ही रीतही बधिर पायांच्या उपचारांतूनच रूढ झाली. जखम आहे आणि नवी चप्पल घेतली म्हणून हिंडायला लागलात, तर चप्पलही जाईल आणि पायही. आणि एखाद्या दिवशी पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला, तर जखम नसली आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतली हाडे ढासळत असू शकतात. अशा वेळी त्यावर चालले तर पायाचा आकार कायमचा बिघडतो.

जखम भरली म्हणजे संपले असेही नाही. भरलेल्या शंभर जणांपैकी सुमारे चाळीस जणांना वर्षभरातच पुन्हा जखम होते. कातडी भरते, पण बधिरपणा तसाच राहतो.

नवे पायताण आले की पहिल्या दिवशी एक तासच घाला. काढून पाय पाहा. लाल डाग पडला असेल आणि तो थोड्या वेळात गेला नाही, तर ते कारागिराकडे परत न्या. डाग नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन तास. असे आठवडाभर वाढवीत जा. घालण्यापूर्वी दर वेळी हात आत घालून चाचपा. मऊ रबर कायम मऊ राहत नाही. अंगठ्याने दाबून ते वर आले नाही तर त्याची चुंबळ गेली, थर बदलून घ्या. रोज वापरात असेल तर वर्षाच्या आत ही वेळ येते.

आबांची बाहेरची जोडी आता ओट्यावर असते आणि घरातली खाटेखाली. सकाळी रानात निघाले की नात आधी दोन्ही पायताणांत हात घालून पाहते. परवा मी तिथेच होतो. डाव्या पायताणातून तिने हरभऱ्याएवढा एक खडा काढला, आबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आबा, हा ठेवा." आबांनी तो बंडीच्या खिशात टाकला आणि ते उसाकडे गेले.